सड्याखालचं गाव: काळोखातल्या चिरंजीव माणसांची संस्कृती कशी रचावी

कल्पित जग रचायला बसलेल्या नव्या लेखकाला काळोख आणि अमरत्व या दोन्हींची ओढ फार असते. दोन्ही एकत्र घेतली की मात्र गोष्ट पहिल्या दहा पानांतच अडते. माणसं पांढरीफटक, डोळे मोठे, आयुष्य हजार वर्षांचं, एवढं सांगून झालं की पुढे काय ते सुचत नाही. काळोख दिवस हिरावून घेतो आणि अमरत्व पिढी हिरावून घेतं. माणसाचा काळ मोजायची ही दोन मोठी मापं. ती दोन्ही गेली की गावात काही घडतंय असं वाटतच नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पेहराव, शस्त्रं, राजघराणी यांच्या आधी तुमची माणसं काळ कशाने मोजतात ते ठरवा. बाकीचं बरंचसं त्यातून आपोआप निघतं.

हा लेख असं गाव कोकण किनाऱ्यावर वसवू पाहणाऱ्यांसाठी आहे. बर्फाळ डोंगर आणि दगडी किल्ले उसने आणायची काही गरज नाही. लागणारं सगळं सामान रायगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत पडलेलं आहे.

पायरी पहिली: आपल्याकडे आधीच काय आहे ते वाचा

भागवत पुराणाच्या पाचव्या स्कंधातला चोविसावा अध्याय काढा. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल अशा सात तळांचं वर्णन त्यात आहे. तिथे सूर्याचा प्रकाश पोचत नाही, म्हणून दिवस-रात्र असे काळाचे तुकडे नाहीत आणि काळाची भीतीही नाही. मोठमोठ्या नागांच्या मस्तकावरचे मणी काळोख दूर करतात. तिथले रहिवासी वनस्पतींचे रस आणि रसायनं सेवन करतात, त्यामुळे त्यांना रोग नाहीत, सुरकुत्या नाहीत, केस पिकत नाहीत. मृत्यू येतो तो फक्त भगवंताच्या चक्राच्या रूपाने. हे चक्र तिथे शिरलं की भीतीने गर्भवती स्त्रियांचे गर्भ गळून पडतात, असंही पुढच्याच श्लोकात आहे.

जवळजवळ अमर लोकांच्या जगात भीती कुठे राहते, तर ती गर्भापाशी राहते. हे त्या अध्यायाने नेमकं ओळखलेलं आहे. चौथ्या पायरीत त्याचा हिशेब करू.

सुतल हे बळीराजाचं घर. बळी सात चिरंजीवांपैकी एक, आणि ज्याने समुद्र मागे हटवून ही भूमी काढली असं आपण मानतो तो परशुरामही त्यांतलाच. एक वरच्या भूमीचा, एक खालच्या. या लेखापुरतं आपल्या काळोखातल्या माणसांना सुतळकर म्हणू या. गावावरून आडनाव घेण्याची आपली रीतच आहे.

पुराणातलं उचला, पण मणी उचलू नका असा माझा सल्ला आहे. मण्यांनी सगळीकडे उजेड पडला की काळोखाची गोष्ट संपते.

पायरी दुसरी: जागा नक्की करा

"जमिनीखाली कुठेतरी" असं लिहून चालणार नाही. कुठल्या दगडात राहतात, पाणी कुठून येतं, बाहेर जायची वाट कोणती, हे तीन प्रश्न आधी सोडवा.

दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातला सडा यासाठी उत्तम. वरती जांभ्याचं उघडं पठार, पावसाळ्यात हिरवं आणि उन्हाळ्यात तापून लालकाळं. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यातून झिरपतो, खालच्या मऊ मातीच्या थरापाशी अडतो आणि आडवा वाहत सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. या वाहण्यानेच जांभ्यात पोकळ्या आणि भुयारं तयार होतात. शिवाय हा दगड जमिनीत असेपर्यंत तुलनेने मऊ असतो आणि उघड्यावर वाळला की कडक होतो. चिरेखाणीवर हे कुणीही सांगेल. म्हणजे तुमच्या सुतळकरांना घरं कोरता येतील, आणि कोरलेली भिंत हळूहळू घट्ट होत जाईल. हजार वर्षं जगणाऱ्या माणसाला वर्षाला दोन हात खोली वाढवायची घाई नसते. घर किती खोल आहे त्यावरून घरातला कर्ता किती जुना ते कळेल.

पाण्याचाही विचार करा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात खालची दालनं पाण्याखाली जाणार. तेव्हा गावाला दोन मजले हवेत, उन्हाळ्याचा खालचा आणि पावसाचा वरचा. दर वर्षीचं हे स्थलांतर हाच त्यांचा सर्वांत मोठा सण करता येईल.

बाहेरची वाट समुद्राकडे ठेवा. कड्यातली गुहा, जिचं तोंड फक्त मोठ्या ओहोटीला उघडं पडतं. आता किनाऱ्यावर मोठा झालेला कुणीही जाणतो तो हिशेब घ्या: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. उधाण येतं ते पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि त्या दिवसांतली खोल ओहोटी पडते पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. त्या दिवसांत तोंड बंदच राहील.

म्हणजे सुतळकरांच्या गुहेचं दार निसर्गतःच फक्त कातरवेळी उघडतं. यासाठी कुठलाही मंत्र किंवा शाप घालावा लागला नाही. बळीप्रतिपदा तर अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी येते. वरच्या गावात "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणत ओवाळणी चाललेली असते त्याच संध्याकाळी खालचं दार उघडं असतं. याच्याहून चांगली सुरुवात कुठल्या कादंबरीला मिळेल?

पायरी तिसरी: काळाचं माप द्या

१९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूवैज्ञानिक आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय सुमारे दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. एक ते एकशेवीस सेकंदाला एक या गतीने मोजायला त्याला सांगितलं जाई, तेव्हा दोन मिनिटांचं मोजणं पाच मिनिटांपर्यंत लांबत असे. एकटा माणूस काळोखात काळ हरवतो तो असा. झोप-जागेचं चक्र शरीरात चालू राहतं, पण ते सूर्याशी जुळलेलं राहत नाही.

सुतळकर समुद्राशी जुळतील. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. वर्षाला सुमारे ७०५ भरत्या आणि चोवीस-पंचवीस उधाणं. हजार वर्षांच्या आजीने सात लाख भरत्या ऐकलेल्या असतील. पाणी आत शिरताना भुयारातली हवा दाबली जाते, तिचा दाब कानाला जाणवतो, आवाज बदलतो. हे घड्याळ आंधळ्यालाही वाचता येतं.

मग मोजायचं कुणी? इथे गावाच्या रचनेत हात घाला. दक्षिण कोकणातल्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत व्यवस्थेत, प्रत्येक कामाचा मान ठरलेला असतो. तसा भरती मोजण्याचा मान एका घराण्याकडे द्या. ती नोंद सुंभाच्या गाठींत ठेवा. नारळाच्या काथ्याचा सुंभ ओल्या हवेत टिकतो आणि बोटांनी वाचता येतो. मग एक दिवस असा आणा की दोन मानकऱ्यांच्या सुंभात एका भरतीचा फरक निघतो. कुणाचं खरं? सगळ्या गावाची वयं, कर्जं, नवस, शिक्षा या मोजणीवर टांगलेल्या आहेत. मला विचाराल तर ही एकच घटना अख्खं पुस्तक तोलून धरेल.

गाऱ्हाणंही आणा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. वरच्या गावात गाऱ्हाणं घालणारा प्रत्येक वाक्य संपवतो आणि जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणतात. काळोखात या होकाराला आणखी एक काम लागेल. कोण आलंय, कोण आलेलं नाही, कुणाचा आवाज बसलाय, हे त्यावरूनच कळेल. भेटल्यावर वरची माणसं "जेवलास काय?" विचारतात. ही माणसं "पाणी खयपर्यंत इला?" असं विचारतील.

पायरी चौथी: मरण आणि जन्म यांचा हिशेब घाला

नवे लेखक सर्वांत जास्त घोळ घालतात तो इथे, म्हणून जरा थांबून करा. कागद-पेन्सिल घ्या.

सुतळकर म्हातारे होत नाहीत, रोगाने मरत नाहीत, पण बुडून, दरड कोसळून, पडून मरतात असं धरा. वर्षाला हजारातला एक असा मरतो. मग सरासरी आयुष्य हजार वर्षं निघतं आणि एकाच वेळी जन्मलेल्यांपैकी निम्मे साधारण सातशे वर्षांपर्यंत उरतात. तीन हजारांच्या गावात वर्षाला तीन मृत्यू. लोकसंख्या स्थिर ठेवायची तर जन्मही तीनच. म्हणजे पंधरा वर्षांखालची मुलं सगळ्या गावात पंचेचाळीस. वरच्या तेवढ्याच गावात ती पाचशे-सातशे असतील.

आता हे आकडे माणसांत आणा. शाळेत एका इयत्तेत तीन मुलं. प्रत्येक बारशाला सगळं गाव. मुलीला खेळायला बरोबरीचं कुणीच नाही, तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण तिच्याहून चाळीस वर्षांनी मोठी, आणि त्या गावाच्या मापाने दोघीही पोरीच. दिवा पेटवायचाच असेल तर तो बारशालाच पेटवा. उंडीच्या कडू तेलाची एक वात, बाळाचं तोंड सगळ्यांनी एकदा पाहावं म्हणून. उंडीचं तेल कोकणात पूर्वी दिव्यांना वापरत, किनाऱ्यावर ती झाडं आजही आहेत. कोंडलेल्या जागेत धूर साठतो, तेव्हा दिवा दुर्मीळ असण्याला व्यवहारातलं कारणही मिळतं.

धोक्याचाही विचार करा. सत्तर वर्षांच्या आयुष्यात होडी घेऊन खवळलेल्या समुद्रात जाणारा माणूस काही दशकं पणाला लावतो. सुतळकर शेकडो वर्षं लावतो. मग मासे आणायला कोण जाणार? ज्यांच्या अंगावर अजून फार भरत्या चढलेल्या नाहीत ते तरुण, किंवा जगून कंटाळलेले फार जुने. या दोघांची एका होडीतली सोबत लिहून पाहा.

आणि वाटण्या! कोकणात सातबाऱ्यावर एका जमिनीला पन्नास नावं लागतात, कारण माणसं मरतात आणि वारस वाढतात. सुतळकरांत उलट होईल. वारसाला काही मिळतच नाही, कारण देणारा जातच नाही. सहाशे वर्षांचा मुलगा बापाच्या खोलीत राहतोय. भाऊबंदकीचं भांडण इथे पिढीबरोबर विझत नाही, कारण भांडणारे तेच राहतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण त्यांच्या न्यायसभेचं पहिलं कलम ठरावी. म्हणून त्यांना विसरण्याची, माफीची एखादी औपचारिक रीत द्यावीच लागेल. ठरावीक उधाणांनंतर वादाची गाठ सोडायची आणि तो सुंभ समुद्रात टाकायचा, असं काहीतरी. ती रीत नसेल तर असं गाव दोनशे वर्षांत एकमेकांना मारून संपेल, आणि वाचकाला ते जाणवेल.

पायरी पाचवी: ते मरत का नाहीत, याचं एक कारण निवडा

ग्रीनलंड शार्क सुमारे चारशे वर्षांपर्यंत जगत असावा असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. तो थंडगार पाण्यात, अतिशय हळू वाढत जगतो. कोकणातलं भुयार मात्र बाराही महिने उबदार आणि दमट, तिथे थंडीने आयुष्य लांबल्याचं पटणार नाही. त्यापेक्षा पूर्व आफ्रिकेतला बिनकेसांचा बिळातला उंदीर जवळचा. उबदार जमिनीखाली, काळोखात, वसाहत करून राहतो, तीस वर्षांहून जास्त जगतो, आणि वय वाढलं तरी त्याच्या मरणाची शक्यता इतर प्राण्यांसारखी वाढत नाही असं अभ्यासात दिसलंय. वटवाघळंही आकाराच्या मानाने खूप जगतात. शिकारी पोचत नाही अशा जागी राहणाऱ्यांत म्हातारपण सावकाश येतं, हा उत्क्रांतीतला धागा तुमच्या गोष्टीला पुरेसा आहे.

कारण कुठलंही घ्या, पण त्याची किंमत ठरवा. मूल दुर्मीळ, वाढ सावकाश, किंवा उजेडात गेलं की आयुष्य वेगाने सरतं. यांतली एकच किंमत घ्या, दोन घेतल्या की गोष्ट शापांच्या यादीसारखी वाटते.

पायरी सहावी: ताटात काय

सूर्य नाही तर पीक नाही. पण सूर्याशिवाय जग चालतं याचे पुरावे आहेत. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी रासायनिक ऊर्जेवर जगणारे जीवसमूह सापडले. १९८६ साली रोमानियात मोविले नावाची गुहा उघडली. लाखो वर्षं बंद असलेल्या त्या गुहेत गंधकयुक्त वायूवर वाढणारे जिवाणू आणि त्यांच्यावर जगणारे किडे, कोळी असं पूर्ण जग होतं.

आपल्याकडे गरम पाण्याचे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत जवळजवळ एका रेषेत आहेत. वज्रेश्वरी, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूरचं उन्हाळे. काही ठिकाणी गंधकाचा वास सरळ नाकात शिरतो. सुतळकरांची शेती या रेषेवर ठेवा: दगडावर वाढणारा जिवाणूंचा बुळबुळीत थर, त्यावर पोसलेल्या गोगलगायी. बाकीचं समुद्रातून. ऊन नाही म्हणजे ड जीवनसत्त्वाचा प्रश्न येतो, तो तारली, बांगडा आणि मोरी माशाच्या (लहान शार्कच्या) लिव्हरच्या तेलाने सुटतो. वरच्या गावाशी देवाणघेवाण ठेवा. मीठ, आमसुलं, नाचणी वरून खाली. खालून काय वर जातं ते तुम्ही ठरवा, पण काहीतरी जायला हवं.

पायरी सातवी: डोळ्यांशिवाय लिहायला शिका

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात. त्या टक् टक् असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून काळोखात वाट काढतात, आणि वटवाघळांसारखा तो आवाज आपल्या कानापलीकडचा नसतो, माणसाला ऐकू येतो. काही अंध व्यक्तीही जिभेने असा आवाज काढून समोरची भिंत, दार ओळखतात. सुतळकरांना ही विद्या पाकोळीकडून मिळाली असं दाखवा. मग पाकोळीचं घरटं काढणं हा त्यांच्यातला सर्वांत मोठा गुन्हा होईल.

वासाने नकाशा करा. सुकत घातलेल्या बोंबलांचं दालन, गंधकाचं दालन, ज्या घरात वरून आलेल्या सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) टांगलाय ते घर. पात्रांच्या तोंडी "उजाडल्यावर ये" किंवा "बघून घेईन" येऊ देऊ नका. मसुदा झाला की दिसण्याची सगळी क्रियापदं शोधून तपासा. हे काम किचकट आहे, पण यानेच पुस्तक उभं राहतं.

अगदी कुट्ट काळोखच ठेवायचा की अंधुक, हेही एकदाच ठरवा. आपले डोळे काळोखाला पूर्ण सरावायला अर्धा तास तरी लागतो, आणि सरावल्यावरही रंग कळत नाहीत. हिवाळ्यात काही रात्री कोकणच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात. नॉक्टिल्युका हा सूक्ष्म जीव पाणी हललं की प्रकाश देतो. दार उघडल्यावर सुतळकरांना दिसणारा हाच सर्वांत मोठा उजेड असू द्या.

एक मोह टाळा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती कुणी आणि का कोरली याचा अभ्यास अजून चालू आहे. तुमच्या हजार वर्षांच्या आजीला उभी करून ते कोडं एका वाक्यात सोडवू नका. त्यापेक्षा अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख घ्या, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ असं ज्याचं वाचन प्रसिद्ध आहे. त्या काळात बोलायला शिकलेली आजी आज कशी बोलेल? नातवाला तिचे काही शब्द कळणार नाहीत, आणि घरातली भाषांतरं मधल्या पिढीतली आई करील.

पायरी आठवी: किनाऱ्यावर जा, मग लिहा

भरतीचं कोष्टक घ्या. अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडा, गावातल्या माहीतगाराला बरोबर घ्या आणि ओहोटी पूर्ण लागायच्या आधी पोचा. कड्यातल्या गुहेत शिरायचं तर पाणी उतरत असतानाच, आणि ओहोटी संपायच्या आत बाहेर यायचं. उधाणाचं पाणी फिरलं की वेगाने चढतं. पावसाळ्यात हा प्रयत्न करूच नका. पाकोळ्यांच्या बेटांवर गंमत म्हणून जाऊ नका, घरट्यांच्या चोरीने त्या आधीच पुष्कळ त्रासल्या आहेत.

आत विजेरी बंद करून बसा, मनात एकशेवीस मोजा, सोबत्याला घड्याळ बघायला सांगा. काय ऐकू आलं, कुठल्या क्रमाने वास आले, पाठीला दगड कसा लागला, ते बाहेर आल्याबरोबर वहीत उतरवा.

घरी आल्यावर पहिला प्रसंग राजसभेचा किंवा युद्धाचा लिहू नका. दोन मानकरी समोरासमोर बसलेत, हातात सुंभ आहेत, आणि एक गाठ जुळत नाही. हजार शब्दांत तेवढंच लिहा. त्यात एकदाही "दिसलं" आलं नाही आणि कुणाचं वय किती ते आकडा न सांगता कळलं, तर दुसऱ्या प्रकरणाला हात घाला.